वाकळीच्या पोटात

आजीची वाकळ मी हैदराबादच्या गच्चीवर उन्हात टाकली, तेव्हा शेजारच्या बाई कठड्याशी येऊन थांबल्या. म्हणाल्या, "अरे, बोंत!" जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवून केलेल्या पांघरुणाला तेलुगूत बोंत म्हणतात. वीस वर्षं त्या शहरात काढूनही हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या आजीकडेही एक होती म्हणे. मी विचारलं, कुठे आहे आता? त्यांनी हातानं फरशी पुसल्यासारखं केलं आणि हसल्या.

ते हसणं माझ्या ओळखीचं होतं, कारण आमच्याकडेही शेवट तोच. लुगडं जुनं झालं की जुनेर. जुनेराची वाकळ. वाकळ फाटली की पटकूर, आणि पटकुराचं पोतेरं. त्यातूनही काही उरलं तर काकडा, म्हणजे मशालीला किंवा चुलीला. कापडाचा प्रवास इतका ठरलेला, की वाटेत कुठे थांबून त्याच्याकडे पाहावं असं कुणाला वाटत नसे. आणि एखादी वस्तू पूर्ण वापरली जाते, शेवटच्या धाग्यापर्यंत, तेव्हा तिचा इतिहास लिहायचा कशावरून? हा प्रश्न मला त्या दिवशी पडला, तो अजून पुरता सुटलेला नाही.

नावं मात्र मुबलक आहेत. मराठीत गोधडी आणि वाकळ. तान्ह्या बाळाची ती दुपटं. उत्तर कर्नाटकात कौदी, बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंध-कच्छकडे रल्ली, हिंदीत गुदडी. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१) गोधडी आहे आणि वाकळही आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात कंथा आहे, पण ती विरक्ताच्या अंगावर. मराठीतही कंथा हा शब्द जोगी-गोसाव्यांच्या खांद्यावरच राहिला. घरातल्या बाईनं शिवलेल्या त्याच वस्तूला गोधडी म्हटलं गेलं आणि तिला वैराग्याचा मान मिळाला नाही. तो मिळवायला पुन्हा एक बुवाच लागला. गाडगे महाराज (१८७६–१९५६) ठिगळं लावलेले कपडे घालत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. 'वाकळ' ऐकताना मला दर वेळी त्यात वल्कल ऐकू येतं. व्युत्पत्ती म्हणून कुणी माझ्यावर विसंबू नये.

माझी ही वाकळ माण तालुक्यातली, सातारा जिल्ह्याच्या कोरड्या अंगाची. आजीनं ती शिवली, वाढवली, पुन्हा शिवली. ती गेल्यावर आत्याकडे राहिली, आणि आत्यानं मला दिली ती "तिकडं थंडी आसती का?" असं विचारून. हैदराबादला थंडी फारशी नसते. मी ती कपाटात ठेवली. पाच-सहा वर्षांनी बाहेर काढली तर एका कडेला शिवण सुटली होती आणि बोटभर भोकातून आतला लाल रंग दिसत होता. वरून वाकळ निळी-जांभळी. लाल कुठून आला?

मी इतिहास शिकवते. माझं आयुष्य कागद वाचण्यात गेलं: जमाखर्च, जमिनींचे दाखले, गॅझेटियर. साताऱ्याच्या गॅझेटियरमध्ये घोंगडी आहे. धनगर लोकर कशी कातरतात, घोंगडी कशी विणतात, याची नोंद साहेबानं केली, कारण घोंगडीला विणकर होता, बाजार होता, भाव होता. म्हसवडचं घोंगडं आजही नाव सांगून विकलं जातं. त्याच घरात घोंगडीखाली अंथरलेल्या वाकळीला यातलं काहीच नव्हतं. ती कुणी विकली नाही, म्हणून कुणी मोजली नाही. कर बसला नाही, कर्ज निघालं नाही, दावा झाला नाही. कागदावर यायला जी जी दारं असतात ती सगळी तिला बंद. मी इतकी वर्षं ज्या कागदांवर विसंबले, त्यात माझ्या आजीच्या हातानं केलेलं सगळ्यात मोठं काम कुठेच नव्हतं.

सुट्टीत वाकळ घेऊन मी गावी गेले. विचार पक्का होता, की ती पूर्ण उसवायची. एकेक थर वेगळा करायचा, फोटो काढायचे, कापड कुठलं, माग कुठला, साल कुठलं ते लिहायचं. आत्याला सांगितलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिनं वाकळ मांडीवर ओढली आणि म्हणाली, "उसवलीस तर वाकळ ऱ्हात न्हाई, बाय. चिंध्या ऱ्हात्यात."

आमचं दोन दिवस यावर चाललं. शेवटी तडजोड झाली ती अशी: जिथे शिवण आपोआप सुटली आहे तिथून एक हात उघडायचं, बघायचं आणि जसंच्या तसं मिटवायचं. पाहायला मिळालं ते एका हाताच्या रुंदीतून, दाराच्या फटीतून पाहावं तसं.

सगळ्यात वर जांभळ्या फुलांची साडी होती, पॉलिस्टरची. आत्यानं लगेच ओळखली. तिच्याच धाकट्या जावेची. पॉलिस्टर विरत नाही. विरत नाही म्हणून वर लावली, असं तिचं म्हणणं. पण सुई त्यावर घसरते, थर एकमेकांना धरत नाहीत, आणि घाम टिपला जात नाही. सुती जुनेराला जे येतं ते मऊपण त्याला शंभर धुण्यांनीही येत नाही. हा थर ऐंशीच्या दशकातला असावा. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळ परत आत गेलेच नाहीत. १९८५च्या कापड धोरणानं कृत्रिम धाग्याला दार मोकळं केलं. वाकळीत या दोन्ही गोष्टी एका शिवणीत आहेत. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते.

त्याखाली गिरणीची छापील साडी, पिवळी, पाचवारी. इथे थोडा हिशेब मांडायला हवा, कारण वाकळीचा अर्धा इतिहास त्यात आहे. नऊवारी लुगडं म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा. पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास धरला तर दोन तुकडे शेजारी जोडून साडेसात फूट रुंदी मिळते. म्हणजे एका लुगड्यात पूर्ण मापाचे दोन थर, आणि वाया काही नाही. पाचवारीत पंधरा फूट. दोन तुकडे, एकच थर. पाच थरांच्या वाकळीला पूर्वी अडीच लुगडी लागत, आता पाच साड्या लागणार. बायकांनी नऊवारी सोडून पाचवारी नेसायला सुरुवात केली त्याबद्दल मराठीत खूप लिहिलं गेलं, सुधारणेच्या बाजूनं आणि विरुद्धही. घरातलं पांघरूण त्यामुळे दुपटीनं महाग झालं हे कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. आत्याला मात्र ते तोंडपाठ होतं. "पाचवारीत काय हाय? एक बाजू झाकली की दुसरी उघडी."

तिसरा थर पांढरा मांजरपाट. हा शब्द मला फार आवडतो. मांजराशी त्याचा संबंध नाही. तो मादरपाट आहे, आणि मादरपाट म्हणजे माडापोल्लम, आंध्रातल्या गोदावरीकाठी नरसापूरजवळचं गाव. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. गावाचं नाव कापडाला लागलं, कापडाचं नाव विलायतेला गेलं, तिथल्या यंत्रांवर तसलंच कापड निघू लागलं आणि ते इकडे विकायला आलं. मग मुंबईच्या गिरण्यांनी ते काढलं. कावसजी दावरांनी १८५४मध्ये मुंबईत पहिली गिरणी उभारायला घेतली तेव्हापासून हा उलटा प्रवास सुरू झाला. आज मी तेलुगू मुलखात राहते, आणि तिथल्या एका गावाचं नाव माण तालुक्यातल्या वाकळीच्या तिसऱ्या थरात सापडतं.

या मांजरपाटावर, अगदी काठाशी, निळ्या शाईचा शिक्का होता. निम्मा गेलेला. एक आकडा आणि अर्धं अक्षर उरलं होतं. १९४३मध्ये सरकारनं कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढला, त्यानंतर गिरण्यांना कापडावर किमतीचा शिक्का मारावा लागे. युद्धानं कापड खाल्लं होतं. गावात लुगडं मिळत नसे, मिळालं तर काळ्या बाजारात. आत्या तेव्हा जन्मलेलीही नव्हती, पण तिनं आईकडून ऐकलं होतं, की दोन बायकांत एक चांगलं लुगडं असायचं आणि बाजाराला जाईल तिनं ते नेसायचं. अशा काळात आजोबांनी गिरणीतून थानाचं टोक आणलं असेल, तर ते थेट वाकळीत कसं गेलं? त्याचा सदरा का झाला नाही? मी हे मोठ्यानं म्हटलं. आत्यानं शिक्क्यावर बोट ठेवलं. "छाप निघत न्हवता आसंल. छापाचा सदरा घालून गिरणीत गेला आस्ता, तर चोर म्हनलं आस्तं." मी ग्रंथालयात बसून हे उत्तर काढू शकले नसते.

चौथ्या थरात तो लाल रंग होता. इरकली लुगड्याचा टोपपदर, पांढऱ्या दातऱ्यांची नक्षी अजून स्पष्ट, आणि खाली अंगाचं काळसर हिरवं सुती कापड. इरकल म्हणजे इळकल, आता कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. सोलापूर, सातारा, कोल्हापूरच्या बायकांना इरकलीशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नसे. राज्यांच्या सीमा नंतर आल्या. हा पदर वाकळीत चौथ्या थराला, म्हणजे जिथे तो कधीच दिसणार नाही तिथे, असा सरळ अंथरलेला होता की लाल भाग नेमका डोक्याशी यावा. आजीनं तो मुद्दाम तसा ठेवला का? आत्या म्हणाली, "पदर उशाला. पायाला न्हाई." बस्स.

आणि सगळ्यात आत, पोटात, आणखी एक वाकळ होती. जाडंभरडं मळकं पांढरं कापड, हातसुताचं, बारीक बारीक टाक्यांनी घट्ट शिवलेलं, मधे मधे विरून जाळी झालेलं. आजीनं तिच्या सासूची वाकळ टाकून न देता तिच्यावर आपली चढवली होती. हे टाके आजीचे नव्हते. आजीचा टाका लांब आणि किंचित तिरका, उजव्या हाताला झुकणारा. हा टाका उभा, तांदळाएवढा. माझ्या पणजीचं नाव आमच्या घरात कुणाला खात्रीनं सांगता येत नाही. टाका मात्र तिचा आहे.

इथे मला मानदासुंदरीची आठवण झाली. कोलकात्याजवळ जोका इथे गुरुसदय दत्त यांच्या नावाचं संग्रहालय आहे, तिथल्या कांथांमध्ये एक तिची आहे. खुलन्याकडच्या या बाईनं कांथा वडिलांसाठी केली आणि त्यावर दोऱ्यानं आपलं नाव लिहिलं. बंगाली घरांत पाहुण्याला, जावयाला, वडिलांना द्यायची कांथा असे. देण्याच्या वस्तूवर नाव येतं. गुरुसदय दत्तांनी ती गोळा केली, स्टेला क्रामरिश यांनी १९३९मध्ये कांथांवर लिहिलं, जसीमुद्दीन यांनी १९२९मध्ये 'नक्षी काँथार माठ' लिहून तिला काव्यात नेलं. आपल्याकडे असं झालं नाही. वाकळ दुसऱ्याला द्यायची वस्तू नव्हती, अंथरायची होती. तिच्यावर फुलं-पक्षी नाहीत, नाव नाही. जतन झालेलं एकच जुनं पांघरूण मला मराठीत आठवतं ते अंबाजोगाईचं: दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी, सुमारे ४० फूट लांब. ती उरली, कारण तिच्यावर त्यांनी पंचीकरण लिहिलं. ज्या पासोड्यांवर कुणी काही लिहिलं नाही, त्या लोकांनी पांघरल्या आणि संपवल्या. मला वाईट वाटतं ते संपल्याचं नाही. संपणं हेच त्यांचं काम. वाईट वाटतं ते याचं, की अक्षर असेल तरच कापड जपायचं, ही सवय माझ्याही हाडात मुरलेली आहे.

काही वाकळी संपल्या नाहीत, संपवल्या गेल्या, हेही सांगायला हवं. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उघड झाला. ४ फेब्रुवारी १८९७ला साथीच्या रोगांचा कायदा आला आणि त्याच्या बळावर घरांच्या झडत्या सुरू झाल्या. पुण्यात रँडच्या अमलाखाली सोल्जर घरात शिरत, माणसं वेगळी काढत, सामान अंगणात आणत. अंथरूण-पांघरूण आणि कपडे जाळले जात. जुनं, थराथरांचं, घामाचं कापड म्हणजे रोगाचं घर, असं तेव्हाच्या वैद्यकाला वाटे. पिसवांचा विचार केला तर ते अगदीच खोटं नव्हतं. पण ज्या घरात एकच वाकळ, तिथे ती जळताना काय वाटलं असेल, याचा अंदाज आत्याच्या "चिंध्या ऱ्हात्यात" या वाक्यावरून मला थोडाफार येतो. २२ जून १८९७ला रँडवर गोळी झाडली गेली. ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. अंगणातल्या त्या राखेची गोष्ट झडतीच्या तपशिलात एका ओळीत जाते.

जाळपोळीतून वाचलेल्या वाकळी मग मुंबईत पोचल्या. गिरणगावात गड्यांची खोली भाड्याची, पाळीपाळीनं झोपायची. प्रत्येकाची स्वतःची वस्तू म्हणजे एक पेटी आणि एक वळकटी. वळकटीत गावाकडची वाकळ. पाळी संपवून आलेला माणूस ती पसरी, दुसऱ्या पाळीला जाणारा आपली गुंडाळून खुंटीला लावी. आजोबांची वळकटी काथ्यानं बांधलेली असायची, असं आत्या सांगते. सुट्टीला गावी येताना ते ती परत आणत, कारण मुंबईत धुवायला जागा नव्हती.

धुणं ही या वस्तूची खरी परीक्षा. नवरात्रात घट बसायच्या आधी गावातली सगळी पांघरुणं नदीवर जात. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरून पिळतात, दगडावर आपटतात, मग काठावरच्या झुडपांवर पसरतात. माणगंगेच्या वाळवंटात त्या दिवशी रंगच रंग दिसत, असं आत्या म्हणते. बहात्तरच्या दुष्काळात नदीला पाणी नव्हतं. त्या वर्षी बाया खडी फोडायला गेल्या आणि घट बसले ते न धुतलेल्या पांघरुणांच्या घरात. आत्याला दुष्काळाबद्दल विचारलं की ती सुकडी आणि खडी याआधी हे सांगते.

मग वाकळी शिवणं थांबलं का आणि केव्हा? लोक म्हणतात, गाद्या आल्या, सोलापुरी चादरी आल्या, बायकांना वेळ उरला नाही. ते सगळं खरं. पण माझ्या मते खरी स्पर्धा बोहारणीनं केली. स्टेनलेस स्टीलची भांडी स्वस्त होत गेली तशी डोक्यावर पाटी घेतलेली बोहारीण दारोदार दिसू लागली. तीन साड्या आणि एक पँट, बदल्यात एक पातेलं. शहरात आणि पुढे तालुक्याच्या गावीही, जुनेराला पहिल्यांदाच बाजारभाव आला. जी साडी आतापर्यंत फक्त वाकळीच्या कामाची होती, तिचं आता चकचकीत पातेलं होत होतं, आणि पातेल्यावर नावही घालून मिळायचं. बाईचं नाव कोरलेली घरातली पहिली वस्तू पुष्कळदा ते भांडंच. गोधडीवर जे कधी आलं नाही ते नाव स्टीलवर आलं. बोहारणीनं नेलेले कपडे कुठे जातात याचा माग ल्युसी नॉरिस यांनी दिल्लीत काढला आहे. रघुबीर नगरच्या पहाटेच्या बाजारात वाघरी व्यापारी ते कसे विकतात हे त्यांच्या २०१०च्या पुस्तकात आहे. उरलेसुरले लोकरी कपडे, परदेशातून येणाऱ्या गाठींसकट, हरियाणातल्या पानिपतला पिंजले जातात आणि त्यांची स्वस्त ब्लँकेटं होतात. ती आता माणच्या आठवडी बाजारातही मिळतात. गोधडीचंही पानिपत शेवटी पानिपतलाच झालं, असं मी एकदा वर्गात म्हटलं होतं. मराठी मुलगा एकच होता, तोच हसला.

अलीकडे गोधडी परत आली आहे, हेही खरं. बचतगटांच्या प्रदर्शनांत ती दिसते, मोठ्या शहरांतल्या दुकानांत दिसते. बिहारच्या सुजनीला २००६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बंगालच्या नक्षी कांथेला २००८मध्ये. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहणाऱ्या सिद्दी बायकांच्या कवंद आता अमेरिकेपर्यंत पोचल्या. पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तिथून घाटावरच्या रानात निसटलेल्या आफ्रिकी लोकांचे हे वंशज. घरात ते कोकणी-मराठीच्या वळणाची बोली बोलतात. त्यांच्या कवंदीची शिवण कोपऱ्यापासून सुरू होते आणि कडेकडेनं फिरत आत मध्यावर संपते. चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय कवंद उघडी समजतात. आत्याला फोटो दाखवला. तिनं फुलांकडे पाहिलं नाही, दोऱ्याची वाट बोटानं धरत आत गेली. "आमच्यावानीच फिरत्यात की."

पण विकायच्या गोधडीत एक अडचण आहे, आणि ती शिवणाऱ्या बायकांनीच मला सांगितली. गिऱ्हाइकाला जुनं कापड नको असतं. परक्या बाईची नेसलेली साडी अंगावर घ्यायची? म्हणून बाजारातून नवं कापड आणायचं, ते धुऊन मऊ करायचं, तुकडे कापायचे आणि जुन्यासारखे जोडायचे. जुनेरातून निघालेली वस्तू आता जुनेराशिवाय करायची. प्लेगच्या साहेबाला जी शंका होती तीच आता दुकानात सभ्यपणे विचारली जाते. मी त्या बायकांना दोष देत नाही. नव्या कापडाच्या गोधडीनं कुणाची फी भरली जात असेल तर उत्तम. फक्त त्या गोधडीच्या पोटात पुढे कुणी भोक पाडून पाहिलं तर तिथे एकाच ठोक दुकानाचं एकाच दिवशीचं कापड निघेल.

शेवटी मिटवायची वेळ आली. संग्रहालयातल्या एका मैत्रिणीनं मला सांगितलं होतं: घडी एकाच जागी घालू नकोस, नळीवर गुंडाळ, प्लॅस्टिकमध्ये नको, अंधारात ठेव, ऊन दाखवू नकोस. आत्याचं शास्त्र उलट. वर्षातून दोनदा कडक ऊन, एकदा नदी, आणि रोज पाठ. "पांघरली न्हाई तर कसर लागती." दोघींचंही बरोबर आहे. उन्हानं रंग आणि धागा दोन्ही जातात; बंद कपाटात ओल आणि किडा धरतो. मी नळी आणली होती. ती तशीच परत आणली.

शिवण्याआधी आत्यानं वाकळ सारवलेल्या जमिनीवर पसरली आणि चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली: पाटा, वरवंटा, दोन विटा. थर हातानं ताणून एकसारखे केले, कारण एक जरी थर आत गोळा झाला तर पुढे तिथेच फाटतं. मग बोटभर लांब कच्चे टाके, नुसते धरून ठेवण्यापुरते. भोक झाकायला तुकडा हवा होता. तिच्या पेटीत पॉलिस्टरशिवाय काही निघेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुझी ती वढनी जुनी झाली न्हाई का?"

ओढणी पोचमपल्लीची, सुती, दहाएक वर्षांची, कडेला विरलेली. नवी असती तर तिनं आधी तीनदा धुवायला लावली असती. नव्या कापडातली खळ जाईपर्यंत ते आटतं आणि भोवतालची जुनी शिवण ओढून फाडतं. माझी ओढणी पुरेशी जुनी होती. तिनं वीतभर फाडली. कापली नाही, फाडली, कारण फाडलेलं कापड धाग्याच्या रेषेत सरळ जातं. चारी कडा आत मुडपल्या, तुकडा भोकावर ठेवला, आणि भोकापासून चार बोटं लांब, धड कापडात, पहिला टाका घातला.

दोऱ्याला तिनं मेण लावलं होतं, पिळ सुटू नये म्हणून. धावदोरा आजीसारखाच लांब, किंचित तिरका. दोन ओळी झाल्यावर तिला दिसेनासं झालं. तिनं सुई मला दिली. माझे टाके लहानमोठे पडत होते. तिनं काही म्हटलं नाही. गाठ मारायची वेळ आली तेव्हा मात्र दोनदा म्हणाली, "गाठ आत घे. पाठीला टोचती."